गल्लीभर छत शिवले तेव्हा

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. मित्रांनो, मशीनला कसला आलाय धक्का, असे तुम्ही म्हणाल. पण मला बसला आहे, आणि अजून मी त्यातून पुरती सावरलेली नाही.

कारखान्यात माझे लोखंडी अंग ओतले गेले, काळा रंग चढला आणि एका अरुंद गल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी येऊन बसले. मला चालवते ती वहिनी. खरे तर ती धाकटीची वहिनी, पण गल्लीत सगळेच तिला वहिनी म्हणतात. धाकटी म्हणजे तिची नणंद. ती इस्त्रीचे दुकान सांभाळते आणि वहिनीने शिवलेले कपडे घरोघर पोचवते. वहिनीचा नवरा ट्रक चालवतो, त्यामुळे घरात बहुधा या दोघीच. वहिनीच्या हाताला अशी सफाई की बघत राहावे. कौतुक तिचे व्हायचे आणि फुगायचे मी.

मग वहिनीने अंथरूण धरले. ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बऱ्याच दिवसांनी ती उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझी खडखड ऐकून धाकटीचा जीव भांड्यात पडला. "मशीन वाजतेय ना, म्हणजे वहिनी बरी!" असे ती ज्याला त्याला सांगत सुटली. आता कशाला हव्यात, म्हणून गोळ्या बंद झाल्या. माझा आवाज वाढत गेला, तशी धाकटी आणखी खूश. मला तेल काय घालायची, नवे कापड काय आणून द्यायची! वहिनी जेवेना, झोपेना. मागे पडलेले काम भरून काढते आहे, असे धाकटीला वाटले.

एका सकाळी धाकटी खोलीत आली आणि दारातच मटकन खाली बसली. शाळेचे गणवेश, बँकेतल्या बाईंचा कोट, कुणाचे पडदे, नवऱ्याची एकुलती एक चांगली पँट, सगळे उसवून, कापून वहिनीने एकाला एक जोडले होते.

"गल्लीला छत करतेय," वहिनी म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "उन्हात कुणी चालायचं नाही आता!"

त्या अजस्र कापडाचे टोक माझ्याच सुईखाली होते. मी हादरले. माणूस आनंदाच्या भरात एवढे कापून काढू शकतो? आणि कहर म्हणजे, शिवण अगदी सरळ होती.

गिऱ्हाइके दारात जमली. कुणी वेडी म्हणाले, कुणी नाटकी. काही दिवसांत ती लकाकी विझली आणि वहिनी पुन्हा भिंतीकडे वळली. "मी नसते तर बरं झालं असतं गं," ती पुटपुटली. ते शब्द ऐकून धाकटी पांढरीफटक पडली. तिने वहिनीला एक क्षणही एकटे सोडले नाही, तशीच दवाखान्यात घेऊन गेली. मनाच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, बायपोलर. यात मन कधी खोल बुडते, तर कधी भलतेच वर चढते.

"म्हणजे ती आजारी होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो!" धाकटीने कपाळावर हात मारला.

नव्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या जोडीला समुपदेशक बाईंशी फोनवरून बोलणे. फोन माझ्याच फळीवर टेकवलेला असे, त्यामुळे मी सगळे ऐकले. मला वाटले होते, बाई उपदेश करतील. त्यांनी तर नुसते प्रश्न विचारले.

"मॅडम, छत शिवताना इतकं छान वाटत होतं," वहिनी एकदा रडत म्हणाली. "ते सगळं खोटं होतं का?"

"आनंद खोटा नव्हता. पण त्यात तुमची झोप गेली आणि लोकांचं कापडही गेलं."

वहिनी रडता रडता हसली. कितीतरी दिवसांनी!

मग बाईंनी विचारले, "मन असं चढायला लागलं की कुणाचं ऐकाल?"

"कुणाचंच नाही."

"मग आत्ता शांत आहात, तर आत्ताच ठरवू या."

शेजारी बसलेली धाकटी म्हणाली, "बरी असते तेव्हा मशीन थांबत थांबत वाजते. चढलं की थांबतच नाही." त्यावर वहिनीने ठरवले, की तसे झाले तर माझा चामडी पट्टा काढून धाकटीकडे द्यायचा, आणि डॉक्टरांना कळवायचे. मी चरकले. पट्ट्याशिवाय माझे चाक फिरत नाही! इतक्या वर्षांच्या सोबतिणीला हे बक्षीस?

पुढे बराच काळ सुरळीत गेला. मग एका दुपारी मी थांबेनाशी झाले. धाकटी दारात आली.

"काय बघतेस? काम करू दे की!" वहिनी खेकसली.

"काल झोपलीस का गं, वहिनी?"

वहिनीचे पाय माझ्या पायडलवर तसेच राहिले. चेहरा रागाने लाल. आता ही धाकटीला हाकलणार, असे मला वाटले. पण तिने खाली वाकून स्वतःच्या हाताने माझा पट्टा उतरवला.

"घे. देऊ नको म्हणतंय मन, म्हणून लवकर घे. आणि डॉक्टरांना फोन लाव."

एवढे बळ मी माझ्या लोखंडातही पाहिले नव्हते.

मित्रांनो, घरात कुणी झपाटल्यासारखे कामाला लागले तर नुसती शाबासकी देऊ नका, झोप झाली का ते विचारा. कुणी उठतच नसेल तर त्याला आळशी म्हणू नका, त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. माझा पट्टा धाकटीच्या कपाटात आहे. राहू दे तिथेच. वहिनी आत झोपली आहे, आणि मला कसलीही घाई नाही.