प्रिंटर कुणाच्या टेबलावर

टेबलावर प्रिंटर आहे म्हणून ऑफिसात आपल्याला किंमत आहे, हे जयमालाताई मनातल्या मनात मान्य करायच्या. उघड नाही.

निघोज्यातल्या त्या कंपनीत पत्र्याचे सुटे भाग व्हायचे. मागं प्रेसची धडधड आणि पुढं काचेच्या दाराआड ऑफिस. प्रत्येकापुढं कॉम्प्युटर होता, पण प्रिंटरची वायर जोडलेली एकट्या ताईंच्या कॉम्प्युटरला. ज्याला कागद हवा त्यानं ताईंना मेल टाकायचा आणि त्यांच्या टेबलापाशी येऊन उभं राहायचं. प्रिंटर जुना होता. एक कागद ओढायचा तर आधी म्हाताऱ्यासारखा खाकरायचा, मग विचार करायचा, मग ओढायचा. तेवढा वेळ माणूस काय मुकं उभं राहणार? कुणाची सासू आली, कुणाचं पोरगं नापास झालं, कुणाच्या दाढेत कळ आहे, सगळं त्या टेबलाशी उतरायचं. परभणीकडून नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेल्या ताईंना शेजारीपाजारी कुणी फारसं ओळखत नव्हतं. त्यांचा गाव म्हणजे हे टेबल.

मग एकदा मालकांची सून वर्षाली, जी आता ऑफिस बघायची, ती हसत म्हणाली, "ताई, नवा प्रिंटर येतोय. नेटवर्कवर टाकायचा. ज्यानं त्यानं आपल्या जागेवरून प्रिंट द्यायची. तुमच्या डोक्यावर येऊन कुणी उभं राहणार नाही आता!" तेव्हा ताई "बरं झालं बाई" म्हणाल्या. पाहुण्यांनी मुक्काम वाढवल्यावर म्हणतात तसं.

प्रिंटर लावायला चिंचवडहून प्रज्वल नावाचा मुलगा आला. आल्या आल्या त्यानं वायफायचा पासवर्ड विचारला. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग ताईंकडं. तो ताईंनाच ठाऊक. विसरले म्हणावं, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं. पण इतक्या लोकांसमोर आपल्याला काही येत नाही असं दाखवणं त्याहून जड. त्यांनी अक्षर न् अक्षर सांगितलं. आपल्याच हातानं आपलं टेबल रिकामं केलं, असंही त्यांना वाटलं.

"आता याला एक कायमचा पत्ता देतो," प्रज्वल म्हणाला. "नाहीतर राउटर याला सारखा नवा पत्ता देणार, आणि तुमचे कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर शोधत बसणार."

"म्हणजे आमच्या घरमालकासारखंच," ताई म्हणाल्या. "अकरा महिने झाले की निघा. आमची टपालं अजून मागच्या खोलीवर जातात."

प्रज्वल हसला. एकेका कॉम्प्युटरवर जाऊन त्यानं प्रिंटर जोडून दिला. डिस्पॅचच्या शेखरनं आपल्या जागेवरून बटण दाबलं आणि पलीकडं खोक्यावर ठेवलेल्या नव्या प्रिंटरनं आवाज न करता कागद बाहेर दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या.

"ठेवायचा कुठं?" वर्षालीनं विचारलं.

"कुठंही ठेवा मॅडम. वायफाय पोचलं म्हणजे झालं."

कुठंही! ही भाषा तिथं कुणाला कळेना. घरात पाटा-वरवंट्यालासुद्धा ठरलेली जागा असते. तेवढ्यात मालक, म्हणजे सगळ्यांचे दादा अर्जुनराव, नारळ घेऊन केबिनमधून बाहेर आले. ही शेड त्यांच्याच ज्वारीच्या वावरात उभी. कारभार आता मुलाकडं आणि सुनेकडं. अर्जुनरावांकडं सगळ्यांत मोठी खुर्ची, एसी आणि दिवसभराच्या बातम्या.

"कुटंबी म्हंजी? म्हागाची वस्तू हाय ती," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या माझ्या केबिनीत. आग्नेयला जागा बी हाय."

मालकाच्या शब्दापुढं कोण जाणार? प्रिंटर केबिनमध्ये गेला. त्याला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पेढे वाटले. अर्जुनरावांनी झेंडूचं फूल नेमकं कागदाच्या ट्रेमध्ये वाहिलं, ते प्रज्वलनं हळूच काढून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या टेबलाशी शुकशुकाट. जुना प्रिंटर भंगारात गेला आणि त्या चौकोनी जागेवर वर्षालीनं प्रेमानं मनी प्लँट आणून ठेवला. ताई दिवसभर त्याच्याकडं बघायच्या. मनी प्लँटला सासू नव्हती आणि दाढाही नव्हत्या.

पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. प्रिंट कुठूनही दिली तरी कागद निघणार प्रिंटरमधूनच, आणि प्रिंटर मालकांच्या उशाशी. अर्जुनरावांना बसल्या जागी वाचायला मिळालं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि चष्मा लावला.

पहिला बळी क्वालिटीतल्या मंजुषाचा. जेवणाच्या सुट्टीत तिनं गुपचूप लग्नाचा बायोडाटा छापायला दिला, आणि दार ठोठवायचा धीर गोळा करेपर्यंत आतून हाक आली, "मंजुषा! अगं, उंची पाच-दोन लिवलीस, ती चपलंसकट का? आन मामाचं गाव न्हाई घातलं. मामाबिगर कुटं सोयरीक जुळती व्हय?"

सगळं ऑफिस खाली मान घालून हसलं. मंजुषा लाल झाली.

मग शेखर. त्याला दुसऱ्या कंपनीत अर्ज करायचा होता. कागद घ्यायला तो आत गेला तेव्हा अर्जुनराव बोट ठेवून वाचत होते. "शेखरभाऊ, हितं म्हंतोस, 'सध्याच्या कंपनीत यशस्वी नेतृत्व केले.' कुणाचं केलंस रं? आमाला कळलं बी न्हाई!" वर त्यांनी सल्लाही दिला, "फोटू बदल. ह्यात उपाशी दिसतोस. आमची अब्रू जाईल."

त्यानंतर सगळे एकेक करून मनी प्लँटपाशी येऊ लागले. "ताई, आत जाऊन तेवढा कागद आणा ना. दादा तुम्हाला काही बोलत नाहीत." ताईंचा भाव दुप्पट झाला. त्या पदर खोचून आत जायच्या, मजकूर खाली करून कागद आणायच्या, आणि देताना थोडं ऐकूनही घ्यायच्या. देव आहे, असं त्यांना वाटू लागलं.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. लोक शहाणे. ते खासगी कागद नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं काढू लागले.

एक दिवस ताई डिस्पॅचचं चलन आणायला आत गेल्या. टीव्ही बंदच होता. अर्जुनराव प्रिंटरच्या काचेवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

"बसा, ताई. सकाळधरनं ह्यो एकच कागद. त्यात बी नुसतं आकडं." मग म्हणाले, "मी काय वंगाळ बोललो का पोरांना?"

"नाही दादा. पण मोठ्यानं बोलला."

"वावर व्हतं तवा बांधावर माणूस थांबायचा. आता दार वाजवून येतो, आन काम झालं का पळतो. म्हनलं, कागदाच्या निमतानं तरी कुणी बसंल घडीभर."

दुसऱ्याच्या घरात गेलं आणि भिंतीवर आपलाच फोटो टांगलेला दिसला, तसं ताईंचं झालं.

तोच वर्षाली आत आली. तिच्याकडं तक्रारी पोचल्या होत्या. "मामंजी, हा प्रिंटर ताईंच्या टेबलावरच बरा. ताई, घेता ना तुमच्याकडं? लगेच हलवू."

दावं सोडून वासरू बाजाराला न्यावं, तसे अर्जुनराव प्रिंटरकडं बघत राहिले.

ताईंनी फक्त हो म्हणायचं होतं. मनी प्लँट खिडकीत, प्रिंटर टेबलावर आणि गाव पुन्हा आपल्या दारात. तोंडाशी आलेला हो त्यांनी गिळला.

"माझ्याकडं नको," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावर ऊन येतं. बाहेर बोळकांडीत पाण्याचा फिल्टर आहे, त्याच्या शेजारी ठेवा. तिथं कुणाचंच काही नाही."

ताईंच्या टेबलावर ऊन कधीच येत नव्हतं. वर्षालीला ते माहीत होतं. तिनं एकदा सासऱ्यांकडं पाहिलं आणि प्रिंटरचा प्लग काढला.

प्रिंटर बोळकांडीत गेला. त्या दुपारी ताईंनी आपल्या जागेवरून एक पत्र छापायला दिलं आणि सवयीनं हात पुढं करून बसून राहिल्या. कागद काही येईना. मग त्यांच्या लक्षात आलं, आता आपल्यालाच उठायला हवं. गुडघे धरून उठल्या.

फिल्टरपाशी शेखर होता, मंजुषा होती, आणि स्टीलचा पेला घेऊन अर्जुनराव उभे होते. केबिनमध्ये त्यांच्यासाठी भरलेला जार होता, तरी.

"मुलाखतीचं काय झालं रं?" ते शेखरला विचारत होते. आवाज एवढा हळू, की प्रेसच्या धडधडीत जेमतेम ऐकू यावा.

"नाही झालं, दादा. अनुभव कमी म्हणाले."

"असूं दे. त्यास्नी काय कळतंय?"

ताईंचा कागद केव्हाच येऊन पडला होता. त्यांनी तो उचलला, घडी घालून काखेत मारला, आणि फिल्टरला टेकून मंजुषाला म्हणाल्या, "मग, तुला बघून गेलेला तो रावेतचा मुलगा काय म्हणतोय?"