पंचमीला तोडलेला दोर

मी एक जुनी आगबोट आहे. मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम बंगालच्या उपसागराच्या तळाशी असतो. पण सांगलीकडच्या बातम्या मला इथं बसून कळतात. कृष्णामाई याच समुद्राला येऊन मिळते, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

जन्म माझा परदेशी गोदीतला, पण नाव कमावलं ते मुंबई-कलकत्ता खेपांवर. सांगलीची हळद आणि गूळ पोटात घालून मी निघाले, की असा धूर सोडायची, की मद्रासच्या बायका आभाळ भरून आलं समजून वाळवणं आत घ्यायच्या. माझ्या भट्टीत कोळसा ओढायचा तो शिराळ्याचा ज्ञानू. हळदीच्या पोत्यांसोबत सांगलीच्या पेठेतले जैन व्यापारी जिनपालअण्णा यायचे. ते दिवस मावळायच्या आत जेवायचे. ज्ञानू चिडवायचा, “अण्णा, सूर्य ढगात गेला. ताट उचलू का?”

मग महायुद्ध पेटलं. ऐन नागपंचमीला एका पाणबुडीनं माझी कूस फोडली. माणसं बचावाच्या होडीत उतरली. पण होडीला माझ्याशी बांधणाऱ्या दोराची गाठ आवळून बसली. मी बुडताना तिलाही खाली ओढणार होते. कुऱ्हाड ज्ञानूच्या हातात होती, तरी तो गाठीला दात लावून बसला.

“तोड की रं,” अण्णा म्हणाले.

“आवं, आज पंचमी हाय. आज आमच्यात कायबी तोडत न्हाईत, चिरत न्हाईत.”

“मग समद्यांनी बुडायचं व्हय?”

“सोडवतोय न्हवं.” ज्ञानूचा दात हलला, गाठ हलली नाही.

अण्णांनी हात पुढं केला. “आण ती कुऱ्हाड. मुंगी चुकवून चालणारा माणूस मी, आज काय दिवस दाखवलास गड्या. डोळं मीट.”

“तुमाला पाप लागंल, अण्णा.”

“दोराला जीव नसतोय. होडीत मातुर लय जीव हायत.”

ज्ञानूनं डोळे मिटले. अण्णांचा पहिला घाव पाण्यात गेला, दुसरा होडीच्या लाकडावर. तोवर मी श्वास रोखून नाक पाण्यावर धरलं. अशी कसरत कुठल्या बोटीनं केली असेल तर सांगा. तिसऱ्या घावाला दोर तुटला आणि होडी लांब गेली.

मग मी श्वास सोडला. शेवटी माझं काळं धुराडं तेवढं डुलत खाली जाऊ लागलं. ज्ञानूनं हात जोडले. “नागोबा बिळात निघालं,” तो म्हणाला. अण्णांनीही कुऱ्हाड ठेवून हात जोडले.

मित्रांनो, कुठं गंजलेली गाडी, बोट, यंत्र दिसलं, तर भंगारात घालण्याआधी जरा थांबा. तिच्या पाठीवर हात ठेवून विचारा, “बाई, तू कुणाकुणाला घरी पोचवलंस?”