टाचणीकाकांच्या नावाचा पतंग

"अहो, हा करडा नाही," बायको बरणी खिडकीच्या उजेडात धरून म्हणाली. "हा तर तुमचा आहे."

टाचणीकाका गालावरचा साबण न पुसताच स्वयंपाकघरात आले. बरणीत फाटलेल्या कोशाशेजारी एक पतंग पंख सुकवत बसला होता. लहानसा, तांब्याच्या रंगाचा, पिसासारख्या मिशांचा. काकांनी चष्मा चढवला, काढला, पुसला, पुन्हा चढवला. पतंग तांबूसच राहिला.

संग्रहालयाच्या कीटक विभागात काका तीस वर्षं एकच काम करत आले होते. डोंगरावरून येणारे पतंग पंख पसरून टाचणीला लावायचे आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लेबल लिहायचं. अठरा वर्षांपूर्वी वरच्या कड्यांवर हा तांबूस पतंग सापडला, तेव्हा विभागप्रमुख बाईंनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि काकांच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून तिचं नाव ठेवलं. काका आठवडाभर मान खाली घालून हिंडत होते. बायको मात्र पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ही गोष्ट सांगायची.

करडा पतंग निराळा. तो शंभर वर्षांपासून माहीत असलेला, दुप्पट मोठा, पायथ्याच्या झाडांच्या सालीला चिकटून बसणारा. यंदा तिथून आणलेल्या एका करड्या मादीने पेटीतच अंडी घातली. अळ्यांना काही सुट्टी कळत नाही, रविवारीही पाला लागतो, म्हणून काकांनी त्या घरी आणल्या. ते कामावर गेले की पाला बदलायचं बायकोकडे. कुरकुर करता करता ती त्यांना 'पोरं' म्हणायला लागली होती.

चार दिवसांत एकोणीस कोश फुटले. अकरा करडे, आठ तांबूस. सगळी एकाच आईची. काकांनी एकेकाला भिंगाखाली धरलं. करड्या साऱ्या माद्या निघाल्या, तांबूस सारे नर. मग त्यांच्या ध्यानात आलं की शंभर वर्षांत कोणाला करडा नर सापडला नव्हता आणि अठरा वर्षांत तांबूस मादी. नवरा वर उन्हात भटकतोय, बायको खाली झाडाला टेकून बसलीय, आणि माणसांनी त्यांची दोन घराणी करून टाकली. जात एकच होती. एका जातीला दोन नावं चालत नाहीत. जुनं राहतं, नंतरचं जातं.

त्यांनी बायकोला हा नियम सांगितला. ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

"पाल्याबरोबर दुसऱ्या अळ्या आत आल्या असतील, असं सांगा," ती शेवटी म्हणाली. "पाला मी घालत होते. बाईमाणसाला काय कळतंय, म्हणतील आणि सोडून देतील."

"अगं, तू एकेक पान धुऊन घालायचीस. तुझ्यावर आळ घेऊ होय?"

ती खुदकन हसली. मग सांगून टाका, म्हणाली. शंभर वर्षांनी बिचारीला नवरा मिळालाय, तो लपवून काय ठेवायचा.

बाईंना कसं सांगायचं, ते वाक्य काकांनी जिना चढताना पाठ केलं होतं. खोलीत शिरताच ते विसरले आणि त्यांनी एकोणीस पतंगांची पेटी नुसतीच पुढे ठेवली. चूक बाईंचीही होती, त्यामुळे काकांना जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. बाई तासभर भिंगावरून उठल्या नाहीत.

"काका, पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय," त्या म्हणाल्या. "मी हे त्यानंतर लिहीन. तोवर नाव राहू दे."

तीस वर्षांत काकांनी बाईंना कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नको बाई. लेबलं मलाच लिहू द्या. मी गेल्यावर खणातलं अक्षर बदलेल."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की." काकांना सकाळपासून हसू आवरत नव्हतं, ते आताही ओठांवर आलं. "पण बाई, मी अंड्यापासून बघितलंय हो."

बाईही हसल्या. लेखावर पहिलं नाव तुमचं, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मात्र काका घाबरले आणि मागे कुठेतरी बारीक अक्षरात घाला म्हणून गयावया करू लागले.

दुपारी त्यांनी तांबूस पतंगांचा खण उघडला. चिमट्याने एकेक टाचणी उचलून करड्यांच्या खणात नेली आणि एकेका मादीशेजारी एकेक नर टोचला. जागा पुरेना, तेव्हा करड्यांना जरा सरकून घ्यायला लावलं. लेबलं लिहिताना ते गुणगुणत होते. तीस वर्षांत न ऐकलेला आवाज ऐकून पलीकडच्या टेबलावर फुलपाखरांचं काम करणाऱ्या मदतनीस मान वर करून बघत राहिल्या.

शेवटी काकांनी रिकाम्या खणावरची आपल्या नावाची चिठ्ठी सुरीच्या टोकाने सोडवली. तळाला लावलेल्या बुचाच्या थरावर टाचण्यांची भोकं ओळीने उरली होती. त्यांच्यावरून मऊ कुंचला फिरवून धूळ झटकली आणि खण बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"डोंगरावरून नवीन पतंग आलेत, त्यांना जागा हवी होती ना," ते म्हणाले. "हा मोकळा झाला."