वयाचा रकाना

आमच्या दवाखान्याच्या नोंदवहीत बारा वर्षांत अठरा वर्षांखालची एकही आई नाही.

मित्रांनो, मी त्याच दवाखान्यातला जुना वजनकाटा आहे. लोखंडी पाया, उभा खांब, वरच्या दांडीवर सरकणारी दोन वजने आणि पाठीला उंची मोजायची पट्टी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघताना प्रमाणित वजने ठेवून माझी परीक्षा झाली. पुढे दरवर्षी एक निरीक्षक येतो, मला तपासतो आणि शिक्का मारतो. शंभर ग्रॅमची चूकही मला माफ नाही. शेजारच्या टेबलावरच्या पेनाला मात्र असा निरीक्षक नेमलेला नाही.

वर्षातून एकदा मला चादरीत गुंडाळून शाळेत नेत. मुलींची तपासणी आमच्या सिस्टरच करत. तिथे आठवीतल्या एका मुलीला मैत्रिणी पेन्सिल म्हणत. उंची मोजताना तिने हळूच टाचा उचलल्या.

“टाचा खाली,” सिस्टर म्हणाल्या.

“दोन बोटांनी कुणाचं काय बिघडतंय, सिस्टर?”

“माझ्या काट्याची अब्रू जाते.”

सगळा वर्ग हसला. शाळेच्या यादीत नोंद झाली: वय चौदा वर्षे दोन महिने, वजन छत्तीस किलो, उंची एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर.

आठवीनंतरची शाळा लांब होती. वडिलांनी शाळा थांबवली आणि घरात बसून काय करणार म्हणून लग्न लावून दिले. अकरा महिन्यांनी ती सासूबरोबर दवाखान्यात आली. वजन एक्केचाळीस किलो, पोटात पाच महिन्यांचे मूल. या वेळी टाचा आपसूकच जमिनीवर होत्या.

“वय?” सिस्टरांनी विचारले.

“एकोणीस घाला,” सासू म्हणाली.

“मावशी, मी तिला विचारलं.”

“तिला काय कळतंय? लहान आहे अजून.”

“लहान आहे ना? मग एकोणीसची कशी?”

“शब्दात पकडू नका, बाई. माझं लग्न झालं तेव्हा माझे दुधाचे दात पडायचे होते. मेले का मी?”

“तुमची मुलं किती गेली?”

सासूने पदर सारखा केला. “तीन,” ती म्हणाली. “पण ते जुनं झालं. लिहायचं तर लिहा, नाहीतर घरी बाळंतपण करायला आम्हाला हात आहेत.”

पेन्सिल माझ्या पट्टीकडे पाहत होती. “सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “हा काटा आमच्या शाळेत आला होता ना?”

सिस्टरांनी मान खाली घातली आणि वयाच्या रकान्यात एकोणीस लिहिले.

त्या दुष्ट नव्हत्या, हे मला सांगितले पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका मुलीचे खरे वय लिहिले होते: सोळा. तिच्या घरी चौकशी आली. त्या घराने तिला पुन्हा तपासणीला पाठवले नाही. तिचे मूल घरीच जन्मले आणि घरीच गेले. पुढचे पाच महिने दवाखान्यात एकही लहान वयाची सून आली नाही. तेव्हापासून बारा वर्षे सिस्टर एकोणीसच लिहीत आल्या. खोट्या वयाने का होईना, गोळ्या मिळतील, तपासणी होईल, असा त्यांचा हिशेब होता. तो निम्मा बरोबर होता.

उरलेला निम्मा असा. अठराच्या आतल्या मुलीच्या कार्डावर लाल रेघ मारायची आणि नववा महिना लागताच तिला मोठ्या रुग्णालयात दाखल करायचे, असा नियम आहे. त्या वयात कमरेची हाडे पुरती वाढलेली नसतात, मूल अडण्याची भीती असते. पेन्सिलचे वजन, उंची, रक्त, सगळे आकडे ठरलेल्या मर्यादेत जेमतेम बसत होते. लाल रेघ फक्त वयामुळे पडली असती. ती पडली नाही.

मधल्या काळात आम्हाला गौरवपत्र मिळाले. अल्पवयीन मातांची संख्या शून्य! वरिष्ठांनी सिस्टरांचे कौतुक केले. मुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यासाठी समुपदेशक द्या, अशी शाळेची मागणी होती. तिच्यावर शेरा पडला, ‘या भागात गरज दिसत नाही.’ गौरवपत्र माझ्या डोक्यावरच्या भिंतीला लावले आहे. त्याची काच रोज पुसली जाते. मला फडके महिन्यातून एकदा मिळते.

कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती. मूल अडले आहे हे कळताच सिस्टर पेन्सिलला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेल्या. पुढचे मी नंतर सिस्टरांच्याच तोंडून ऐकले. कार्डावर होते: वय एकोणीस, पहिलटकरीण, विशेष काही नाही. लाल रेघेच्या कार्डांना तिथे आधी आत घेतात. बाकीच्यांना बाकावर बसवतात.

“हिला आधी घ्या, ही पंधराची आहे,” सिस्टर दाराशी म्हणाल्या.

“कागदावर एकोणीस आहे, बाई. अक्षर कुणाचं?”

अक्षर त्यांचेच होते. आत घेईपर्यंत अडीच तास गेले. मूल वाचले. पेन्सिल रक्तस्रावाने गेली.

नवव्या दिवशी सासू बाळाला घेऊन माझ्यावर उभी राहिली: एक्कावन्न किलो आठशे. मग बाळाला खाली ठेवून एकटी: पन्नास. वजाबाकी करून बाळाचे वजन निघाले, एक किलो आठशे. बाळाला घेऊन उभे राहायचे काम आईचे असते.

मित्रांनो, माझ्यावर उभे राहाल तेव्हा आकडा स्वतः वाचा. आपली जन्मतारीख तोंडपाठ ठेवा. कोणी तुमच्या देखत ती बदलू लागले, तर मोठ्याने हटका. घरचे असले तरी हटका. आणि तुमच्या वर्गातली एखादी अचानक यायची थांबली, तर त्याच आठवड्यात बाईंना सांगा. लग्न लागण्याआधी सांगितलेले उपयोगी पडते. नंतर सांगितलेले फक्त नोंदवहीत जाते.

त्या आठवड्यात सिस्टरांनी कपाटातून शाळेच्या बारा वर्षांच्या याद्या काढल्या आणि दवाखान्याच्या नोंदवहीशेजारी ठेवल्या. एकेक नाव बोटाने जुळवले. काम तीन दिवस चालले. मग त्यांनी वरिष्ठांना एक पत्र लिहिले, आणि पाठवण्याआधी मोकळ्या खोलीत ते मोठ्याने वाचले, म्हणून मला ठाऊक आहे:

‘बारा वर्षांत अठरा वर्षांखालील माता: एकतीस. नोंदवहीत शून्य दिसण्याचे कारण: घरच्यांनी खोटे वय सांगितले, ते खोटे आहे हे मला माहीत होते, आणि ते मी लिहिले.’