तिसरा पुकारा

"पारू, च्या ठेव की."

बाहेरच्या खोलीतून हाक आली आणि पारूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ठेवलाय की कवाच." मग तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. हा आवाज या घरात चार वर्षांपूर्वी बंद झाला होता. पदराला हात पुसत ती बाहेर आली. नवरा कॉटवर तोंड मिटून बसला होता आणि नात दीक्षा मोबाइल हातात धरून दोघांकडं बघत होती. आवाज मोबाइलमधून आला होता.

चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, कृष्णातच्या, घशाचं ऑपरेशन झालं, त्यात रोगाबरोबर स्वरयंत्रही गेलं. तेव्हापासून तो टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावून बोलतो. ओठ त्यानं हलवायचे, आवाज यंत्रानं काढायचा. डब्यात भुंगा अडकावा तसा तो एकसुरी आवाज. त्यात 'प'चा 'ब' होतो, त्यामुळं पारूबाईची बारूबाई झाली होती. पहिला महिनाभर तिनं हसून घेतलं, मग तेच अंगवळणी पडलं.

आणि असं व्हायचं ते कुणाचं, तर कोर्टातल्या पट्टेवाल्याचं. तेहतीस वर्षं कृष्णात गडमुडशिंगीहून सायकल मारत कोर्टात जायचा आणि दारात उभा राहून नावं पुकारायचा. प्रत्येक नाव तीनदा. त्याचा पुकारा खाली चहाच्या गाड्यापर्यंत जायचा आणि पक्षकार अर्धा वडा टाकून जिना चढायचे. 'हजर' म्हणत कुणी आलं की तो एक पाऊल बाजूला सरकून त्याला आत वाट करून द्यायचा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही की त्याला दिवसभर चुटपुट लागायची. साहेब शांतपणे पुढची तारीख द्यायचे, आणि हा घरी येऊन बायकोला विचारायचा, "आवाज कमी पडला आसंल का गं?"

या आवाजामुळंच गावच्या विहारात एक पद्धत पडून गेली होती. बाळाचं नामकरण असलं की वंदना झाल्यावर कृष्णातनं नाव तीनदा पुकारायचं आणि प्रत्येक वेळी बाळाच्या आईनं त्याच्या वतीनं 'हजर' म्हणायचं. दीक्षाचं नाव असंच ठेवलं गेलं. आता धाकट्या मुलाला, प्रसेनजीतला, मुलगी झाली होती. तीन महिन्यांची होत आली होती. येत्या रविवारी तिचं नाव उत्पला ठेवायचं होतं.

यंत्र 'उत्पला' म्हणायला गेलं की 'उद्बला' म्हणायचं. प्रसेनजीतला तीच काळजी होती. चारशे माणूस येणार, व्हिडिओ होणार, पोरगी मोठी झाल्यावर तो बघणार. त्यानंच पुतणीला कामाला लावलं होतं. दीक्षानं जुन्या लग्नाच्या व्हिडिओतला, फोनवरच्या निरोपांतला आज्जाचा आवाज गोळा करून मोबाइलला शिकवला होता. आता टाइप करावं ते मोबाइल त्याच्या आवाजात बोलत होता, आणि 'प' अगदी खणखणीत होता.

कृष्णातला हे फार आवडलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. दोन दिवस तो पोरासारखा त्या मोबाइलच्या मागं लागला होता. जुन्या वकिलांची नावं, शेजाऱ्यांची नावं, मेलेल्या म्हशीचं नावसुद्धा त्यानं पुकारून घेतलं. डोळे मिटून ऐकायचा. एकदा ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

दीक्षा चित्रकलेच्या कॉलेजात होती आणि तिला जपानी चित्रकथांचं वेड होतं. कृष्णातही त्या वाचायचा. उजवीकडून डावीकडं वाचायची सवय त्याला तिच्याआधी लागली. त्या गोष्टींतली माणसं हात, पाय, डोळे यंत्राचे बसवून घेतात, काहींच्या तर आठवणीही दुसऱ्याच्या असतात. मग ती उंच इमारतीवर उभी राहून मी म्हणजे नक्की कोण याचा विचार करत बसतात. पारूबाईचं म्हणणं होतं की धुणंभांडी गळ्यात पडली की असले प्रश्न पडत नाहीत.

शुक्रवारी दीक्षानं त्याला विचारलं, "आज्जा, सगळं शरीर बदललं तर आत माणूस कोण उरतं?"

कृष्णातनं यंत्र गळ्याला लावलं. "आत कोण बसलंय म्हणून आपल्यात मानतच न्हाईत. भन्तेजी कायम सांगत्यात. दिवा तेवतोय, पर ज्योत मघाचीच हाय का?"

"मग ओळखायचं कसं?"

"तेहतीस वर्सं बघितलंय मी. कोर्टात आत्मा तपासत न्हाईत. नाव पुकारायचं. जो हजर म्हणतो, त्यो त्यो."

दीक्षानं ते वहीत लिहून घेतलं. ती स्वतः एक चित्रकथा काढत होती आणि तिची नायिका तीन महिने त्याच इमारतीवर उभी होती. तिला खाली कसं आणायचं हे दीक्षाला सुचत नव्हतं.

शनिवारी दुपारी घरातच तालीम झाली. बाळ आईच्या, अक्षताच्या, मांडीवर रडत होतं. प्रसेनजीतनं मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला आणि कृष्णातचा जुना, भरदार आवाज घुमला, "उत्पला प्रसेनजीत!" शेजारचे लोक दारात आले. बाळ दचकलं आणि त्याचं रडणं दुप्पट झालं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. प्रसेनजीतनं आवाज बारीक करून बघितला, तरी बाळ थांबेना.

कृष्णातनं हात पुढं करून नातीला घेतलं. यंत्र गळ्याला लावून तो सवयीनं म्हणाला, "काय गं उद्बले, काय झालं बाई?" बाळ थांबलं. ओले डोळे मोठे करून ते त्याच्या गळ्याकडं बघू लागलं आणि पाय झाडत हसलं. जन्मल्यापासून ते याच मांडीवर, याच घरघरीत झोपत आलं होतं.

पारूबाई म्हणाली, "तिला ह्योच आज्जा म्हाईत हाय."

"मामांच्या आवाजातच व्हऊ दे नाव," अक्षता सासऱ्याकडं बघत म्हणाली.

"म्हंजे कुठल्या?" प्रसेनजीतनं विचारलं.

अक्षतानं नुसतं यंत्राकडं बघितलं. जुना आवाज एकदा, शेवटचा, भरल्या विहारात घुमावा असं कृष्णातला मात्र मनापासून वाटत होतं. संध्याकाळभर तो परसात लिंबाखाली बसून राहिला. पारूबाई चहा घेऊन गेली तेव्हा तो ओठ घट्ट मिटून फटकन सोडत होता. तसं केलं की यंत्राचा 'प' जवळपास 'प' होतो.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. कृष्णात पांढरा सदरा घालून उभा राहिला. त्यानं यंत्र गळ्याला लावलं आणि पुकारा दिला. "उत्पला प्रसेनजीत." 'प' बऱ्यापैकी जमला. मागच्या रांगेत दोन पोरं हसली, त्यांना आईनं चिमटा काढला. "हजर," अक्षता हळू आवाजात म्हणाली.

दुसरा पुकारा झाला. "हजर."

तिसऱ्याला ओठ हलले, पण आवाजच आला नाही. यंत्राचं चार्जिंग संपलं होतं. रात्री त्याच्या प्लगला दीक्षाचा मोबाइल लावलेला होता. दीक्षानं चटकन मोबाइल काढला. कृष्णातनं तिच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. मग त्यानं यंत्र खाली घेतलं आणि नातीच्या तोंडासमोर वाकून नुसत्या ओठांनी ते नाव सावकाश, पूर्ण पुकारलं. 'प'ला त्याचे ओठ घट्ट मिटले आणि सुटले. बाळ त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होतं.

"हजर हाय," अक्षता म्हणाली. या खेपेला तिचा आवाज दारापर्यंत गेला.

कृष्णातनं यंत्र सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग सवयीनं तो एक पाऊल बाजूला सरकला आणि नातीला आत जायला वाट करून दिली.