नानांची लेन्स आणि चोपड्याचा तोताराम

चोपड्याचा तोताराम पाटील पोरीला घेऊन माझ्या फोटोच्या दुकानात शिरला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला तस्साच होता, फक्त पोट सुटलेलं. चाळीसगावचा बाजाराचा दिवस, बाक गिऱ्हाइकांनी भरलेला.

"मंदाबाई, ओळखलं का?"

न ओळखायला काय झालं? इंग्रजांच्या काळात हाच मला बघायला आला होता, नवरामुलगा म्हणून. लहानपणी मला देवी आल्या होत्या, तोंडभर व्रण राहिले. माझ्या वडिलांनी, नानांनी, माझा फोटो काढून चोपड्याला पाठवला. त्यांच्याकडं कॅमेऱ्याला एकच लेन्स होती, स्वस्तातली. तिच्यातून उजेड असा पसरायचा की चेहऱ्यावर साय धरल्यासारखी दिसायची. कपट कसलं आलंय त्यात! पण तोतारामनं मला पाहिलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "फोटोत लोणी आणि घरात चाळणी! फसवता काय आम्हाला?" नानांनी टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवली. तो ती ओलांडून गेला. मला पुन्हा स्थळ आलं नाही, आणि नाना 'फसवा फोटोवाला' म्हणूनच गेले.

"पोरीचं धुळ्याला जमतंय," तोताराम म्हणाला. "त्यांनी फोटो मागितलाय. हिलाही देवी येऊन गेल्यात. नानांची ती जुनी लेन्स असेल ना अजून? तिनंच काढा."

बघा म्हणजे! ज्या लेन्सपायी माझ्या बापाची अब्रू घेतली, तीच शोधत हा चोपड्याहून आला होता. जनाची नाही, मनाची तरी?

मी नानांची जुनी आणि माझी नवी, दोन्ही लेन्स टेबलावर ठेवल्या. एकाच कंपनीच्या, अंगावरची अक्षरंही तीच. मुंबईचा व्यापारी म्हणाला होता, "बाई, तीच लेन्स आहे, फक्त नवी." डोंबल तीच! मोठ्या लढाईनंतर आलेल्या या नवीच्या काचेवर निळसर झाक आहे, आणि ती पापणीचा केसन् केस दाखवते. गिऱ्हाइकाला फरक कळावा म्हणून मी दोन्हींनी काढलेले माझेच फोटो शेजारी शेजारी लावलेत. जुनीत मी साय, नवीत चाळणी. तोतारामची पोर सुनंदा ते दोन्ही वाकून वाकून बघत होती.

"लावते जुनी," मी म्हटलं. "पण आधी या बाकावरच्या मंडळींना सांगा, माझ्या बापानं तुम्हाला फसवलं होतं का?"

"जुनी मढी कशाला उकरता?"

"मग नवी लावते. बघू देत धुळ्याच्यांना."

त्याचं तोंड उतरलं. गिऱ्हाइकं कान टवकारून बसली. शेवटी तो खालमानेनं पुटपुटला, "गिरधर नाना फसवे नव्हते."

"मोठ्यानं. आमच्या आळीत ओरडलात तेव्हा घसा चांगला होता की."

"फसवे नव्हते! माझंच चुकलं!" टोपी काढून त्यानं माझ्यापुढं हात जोडले.

काळीज असं गार झालं म्हणून सांगू! नाना ऐकायला नव्हते, एवढंच वाईट वाटलं.

शब्द दिला होता, म्हणून मी जुनी लेन्स उचलली. तर सुनंदानं माझा हात धरला.

"अक्का, नवी लावा."

"गप बस, तुला काय कळतं?" तोताराम खेकसला.

"आबा, धुळ्याची माणसं मला बघायला येतीलच ना? तेव्हा कुठली लेन्स लावाल?" पोरीनं माझा हात सोडला नाही. "तुम्ही ओरडलात तसं तुमच्यावर कुणी ओरडलेलं मला नाही चालणार. मी अशी शे. ज्याला चालेल त्यानंच यावं."

मी पोरीकडं बघतच राहिले. बापाच्या पोटी हे रत्न कसं आलं, देव जाणे. मी नवी लेन्स बसवली, तिला खुर्चीवर बसवलं आणि फोटो काढला.

तोताराम टोपी हातात धरून तसाच उभा होता. बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"मग मी बाकावरच्या या बठ्ठ्या मंडळींसमोर उगाच नाक घासलं?" तो म्हणाला.

"उगाच," मी म्हटलं. "माझ्या बापानंही उगाचच घासलं होतं."