रुपाने सांगितलेले शेवट

“आयक. लाईट गयी ना तुमनी? मंग आयक आते. दार वाजनं. दार वाजनं. म्हातारीनी कंदील उचला, म्हातारीनी कडी काढी. म्हने, ये माय, आत ये...”

फोनमधला रुपाचा तो आवाज, आणि आवाजामागे कोंबडीच्या हजारो पिल्लांची चिवचिव. दूर कुठेतरी बायका तांदूळ पाखडत बसल्यात असं वाटायचं. वीस वर्षं झाली, तरी दामिनीच्या कानातून तो काही उतरला नव्हता. तळोद्याच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना इंग्रजीची कविता शिकवताना ती प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची. पोरांना वाटे, मॅडमची पद्धत आहे. पद्धत रुपाची होती. रुपाची आई कानबाई देवीची गाणी म्हणायची तेव्हा ओळ दोनदा फिरवायची, रुपाने ती चाल बोलण्यात घेतली आणि दामिनीने रुपाकडून.

दोघी तापीकाठच्या एकाच गावच्या. दामिनीच्या वडिलांची केळी, रुपाचे वडील भटूभाऊ त्याच केळीत मुकादम. दोघींची शाळा एक, बाक एक, वेणीची रिबीन कधी हिच्या केसांत तर कधी तिच्या. दहावी झाली आणि भटूभाऊंना नवापूरकडे एका पोल्ट्रीत सुपरवायझरचं काम लागलं. बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये बसलं. रुपा गेली.

राहिला फोन. आणि राहिली ‘चौखट’.

मूळ इंग्रजी मालिका, ‘लॅम्प रो’ नावाची. हिंदीत आवाज देऊन ‘चौखट’ या नावाने केबलवर गुरुवारी संध्याकाळी सहाला लागायची. व्हेरा नावाची एक व्हॅम्पायर, शंभर वर्षांची पण दिसायला कॉलेजातली पोरगी. काळा कोट घालून एका गल्लीत फिरायची, लोकांवरची संकटं टाळायची. नियम एकच: घरच्या माणसाने ‘अंदर आ जाओ’ म्हटल्याशिवाय तिला कुणाचाही उंबरा ओलांडता येत नसे. प्रत्येक भागाच्या शेवटी ती कुणाच्या तरी दाराशी येऊन उभी राहायची.

आणि नेमकं तेव्हा दामिनीच्या गावचं लोडशेडिंग सुरू व्हायचं. साडेसहा वाजले की टीव्हीतलं चित्र आक्रसून ठिपका व्हायचं. दामिनी फोनपाशी जाऊन बसायची. सव्वासातला घंटी.

“आमनाकडे जनरेटर शे,” रुपा ऐटीत सांगायची. “कोंबड्यासले अंधार चालत नही. तुमनासारखं नही. आयक.”

मग ती राहिलेला शेवट सांगायची. तिच्या सांगण्यात दार दर वेळी उघडायचं. कधी म्हातारी उघडायची, कधी चिडका न्हावी, एकदा तर सात वर्षांच्या मुलीने स्टुलावर चढून कडी काढली. व्हेरा आत जायची. “तिले चहा दिधा. ती काय चहा पेत नही, पन कप हातमा धरीसन बठनी. हात गरम व्हयेत ना तिना.” दामिनी काळोखात रिसीव्हर कानाशी गच्च धरून बसायची, आणि तिचेही हात गरम व्हायचे.

असे एकवीस भाग झाले. बाविसावा तिने सांगितलाच नाही.

मालिका त्या भागानंतर बंदच पडली, हे दामिनीला फार उशिरा कळलं. प्राध्यापकी लागली, तळोद्यात दोन खोल्या घेतल्या, लग्नाचं विचारून विचारून गावाने विचारणं सोडून दिलं, आणि एक दिवस तिला इंटरनेटवर दिसलं की ‘लॅम्प रो’वर पुस्तकं आहेत. एक नाही, सात-आठ. बंद पडलेल्या मालिकेभोवती जगभरची माणसं अजून बसून होती, लिहीत होती, भांडत होती. पुस्तकं इकडे थेट येत नसत, म्हणून सुरतेला राहणाऱ्या हेमकांतच्या, तिच्या भाच्याच्या पत्त्यावर मागवायची.

“मावशी, एवढी पुस्तकं?” हेमकांत पार्सल देताना म्हणाला. “मालिका तर दोन वर्षंबी चालली नाही.”

“चालली नाही म्हणूनच रे.”

पहिलं पुस्तक म्हणजे मालिकेची जंत्री. परदेशातल्या कुठल्याशा लायब्ररीचा शिक्का असलेलं, पाठ उन्हाने पांढरी पडलेली. प्रत्येक भागाला दोन पानं: कथा, कलाकार, चित्रीकरणातल्या चुका, कोटाची किती बटणं कधी बदलली. दामिनीने उत्तरपत्रिका तपासायचं लाल पेन हातात घेऊनच ते वाचलं, सवयीने. चौथ्या भागाची कथा संपते तिथे लिहिलं होतं, दार उघडत नाही. तिने समासात लिहिलं, ‘चूक. न्हावी उघडतो.’ सातव्या भागालाही तेच. ‘चूक. मुलगी, स्टुलावर चढून.’ एकामागून एक, नीट आठवत होते त्या अकरा भागांत तिने पुस्तक दुरुस्त केलं. लिहिणाऱ्याने मालिका नीट पाहिलेली नाही, असं तिचं पक्कं मत झालं.

मग दुसरं पुस्तक आलं, निबंधांचं. त्यात एका विद्वानाने भाडेकरूंच्या कायद्याच्या अंगाने व्हेराचा उंबरा तपासला होता, एकीने नुसत्या कोटावर वीस पानं लिहिली होती. आणि तिसरा निबंध होता, दार का उघडत नाही. बावीस भाग, बावीस बंद दारं. एकदाही नाही. चाहत्यांचं सगळं तळमळणं, सगळी पुस्तकं, सगळी भांडणं त्या न उघडलेल्या दारावर उभी होती.

दामिनीने लाल पेन खाली ठेवलं. हसू आलं आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. रुपा एकवीस गुरुवार शेवट स्वतःच रचत होती.

त्यानंतर तिने निबंध लिहिला. मालिकेला वीस वर्षं झाली म्हणून नवा संग्रह निघणार होता, जगभरच्या चाहत्यांकडून लेख मागवले होते. दामिनीने इंग्रजीत लिहिलं: तापीकाठचं एक गाव, लोडशेडिंग, फोन, आणि कुणीही न पाहिलेले एकवीस शेवट. संपादकबाईंचं उत्तर आठवड्यात आलं. लेख फार आवडला, पण हे शेवट तुमच्या मैत्रिणीची रचना आहेत, तेव्हा तिची लेखी संमती लागेल. सोबत एक पानी फॉर्म.

तो फॉर्म कपाटात तीन आठवडे पडून होता. कारण लेखात एक वाक्य होतं, आणि ते खरं नव्हतं.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी. नवापूरला बर्ड फ्लू आला. पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमध्ये शिरली, कोंबड्या खड्ड्यांत पुरल्या, पेपरात रोज फोटो. गावोगाव अंड्याचं नाव घेणं बंद झालं. त्या गुरुवारी दुपारीच फोन वाजला. आवाजामागे चिवचिव नव्हती. काहीच नव्हतं.

“दामू, आठे सगळं बंद व्हयनं. बाबा कामले सुरतले चालनात. मी चार रोज तुनाकडे यीसन ऱ्हाऊ का?”

दामिनीने रिसीव्हरवर हात ठेवून आईला विचारलं. अनुसयाबाई भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, बलाव तिले, पोर एकली कोठे जाई? आणि दामिनीने हात काढला आणि म्हणाली, “रुपा, घरी पाहुणे शेतस. मांगतून ये.”

पाहुणे नव्हते. तिला रुपाच्या अंगाखांद्याची, कपड्यांची, तिने श्वास टाकलेल्या हवेची भीती वाटली होती. सतरा वर्षांच्या पोरीला वाटावी तशी, पण वाटली होती. “बरं,” रुपा म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर घंटी वाजली नाही. दामिनीने आईला सांगितलं, ती येत नाही म्हणते. लेखात मात्र लिहिलं होतं: माझ्या आईने नकार दिला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ती काय बोलणार.

रुपाचा पत्ता लागला तो गावातल्या एका लग्नात. बेबीबाई, जुन्या शेजारीणबाई, जेवताना म्हणाल्या, “रुपा? ती खांडबाऱ्याले शे. स्टेशनमांगे कोंबड्यासनं शेड शे तिन्हं.”

रविवारी दामिनीने तळोद्याहून एसटीने नंदुरबार गाठलं आणि तिथून सुरतेकडची पॅसेंजर. फॉर्म पर्समध्ये, लेखाची प्रत पर्समध्ये. गाडीत ती मनाशी वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य डब्याच्या खडखडाटात मोडत होतं.

शेड लांबट होतं, वर पत्रे, बाजूला जाळी आणि जाळीला गोणपाटाचे पडदे. दारात चुन्याची पट्टी आणि पाय बुडवायला लाल औषधी पाण्याचा ट्रे. आतून एक बाई गमबूट घालून, डोक्याला रुमाल बांधून आली. अंगाने भरलेली, कानशिलांवरचे केस पांढरे. दामिनीने पाऊल टाकलं.

“थांबा तठेच. बाहेरना माणूस शेडमा येत नही. पिल्लं कालदिनच उनी शेतस.”

दामिनी थांबली. बाईने कपाळाला आठ्या घालून पाहिलं, मग आठ्या सुटल्या.

“दामू?”

“हं.”

“मास्तरीण व्हयनी म्हने तू. चष्मा बी लागना. आनि मन्हा दाराशी उभी शे, अन् मी हाकली ऱ्हायनी.” ती हसली. “तरी आत येवाले नही भेटाव. चाल, दाण्यानी खोलीमा बठू.”

खाद्याच्या गोण्यांवर दोघी बसल्या. रुपाने थर्मासमधून चहा ओतला. भटूभाऊ गेले, नवरा गुजरातेत साखर कारखान्यात, हे शेड तिचं एकटीचं, पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळून हलता येत नाही, झोपही इथेच, असं तिने एका दमात सांगितलं. दामिनीने पुस्तकांचं सांगितलं. लाल पेनाने पुस्तक दुरुस्त केल्याचं सांगितलं तेव्हा रुपा गोणीवर हात आपटून हसली.

“अकरा ठिकाने? अन् मास्तरीण म्हनतस तुले.”

“मला वाटलं, तू पाहिलंयस.”

“कसानं दखं. जनरेटर व्हतं ना, पन ते फक्त पिल्लासना बल्बसले. टीव्ही हाफिसमा, अन् हाफिसनी लाईट तुमनासंगेच जाये. मी बी साडेसहापावतच दखेल.” तिने चहाचा घोट घेतला. “तू वाट दखी ऱ्हायनी व्हशी, हे माले मालूम व्हतं. मंग काय सांगू? अंधार पडना म्हनीसन सांगू?”

“दार दर वेळी का उघडायचीस?”

“उभी ऱ्हायेल बाई माले दखवत नही,” रुपा सहज म्हणाली आणि रुमाल सारखा केला.

दामिनीने फॉर्म काढला. रुपाने तो उलटासुलटा पाहिला. इंग्रजी पुस्तकात आपलं नाव, म्हणून तिला मौज वाटत होती, ते नाव कुठे येतं ते तिने बोटाने विचारलं. पेन हातात घेतलं आणि थांबली.

“सही करस. पन आधी वाच. मन्हाबद्दल काय लिखेल शे ते माले समजाले पाहिजे.”

दामिनी वाचू लागली, इंग्रजी ओळ डोळ्यांनी, अहिराणी ओळ तोंडाने. म्हातारी, न्हावी, स्टुलावरची मुलगी. रुपा आपलेच शेवट ऐकत होती, मान हलवत होती, मध्येच “असं बी सांगं व्हतं का मी?” म्हणत होती. पलीकडून पिल्लांची चिवचिव येत होती. मग फेब्रुवारी आला. दामिनीचा आवाज बारीक झाला. तिने ते वाक्य वगळावं असं क्षणभर मनात आणलं, आणि वाचलं. माझ्या आईने नकार दिला.

रुपाने चहाचा कप खाली ठेवला.

“माले वाटनंच तसं,” ती म्हणाली. “पाहुणे शेतस म्हने तू, तवय माले समजनं. काकी भ्यायनी. तिन्हा राग नही वं. तवय तर सख्खा लोके बी दारशी उभं करेत नही. आम्ही सुरतले स्टेशनवर चार रोज काढात. पन मी काकीवर कधी बोट नही ठेवं. माय ती, तिले तुन्ही काळजी.” तिने फॉर्म गुडघ्यावर सपाट केला. “कोठे करू सही? आठे?”

पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं. दामिनीने हात पुढे करून कागद धरला.

“थांब.”

“काय व्हयनं?”

“ते वाक्य मी काढणार आहे. तू सही नंतर कर, नाही केली तरी चालेल.” तिचं पुस्तकी मराठी तिथेच संपलं. “काकी भ्यायेल नव्हती, रुपा. ती भाकरी थापी ऱ्हायनी व्हती, ती म्हने, बलाव तिले. लगेच म्हने. घरमा एक बी पाहुणा नव्हता. मी खोटं सांगं तुले. भ्याव माले वाटना. तुन्हा भ्याव वाटना माले.”